गोसेखुर्दच्या पाण्यात डोंगा चालवणारा माझा भाचा रोइंगमधून पुढे क्रीडा पदाधिकारी होऊ शकेल का?

होऊ शकतो, पण आधी पदक, मग पद. जागतिक रोइंग महासंघाची सूत्रं 2014 मध्ये घेणारे जाँ-क्रिस्तोफ रोलाँ सिडनी 2000 चे सुवर्णविजेते. त्यांच्याआधीचे अध्यक्ष डेनिस ऑसवाल्ड 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकचे कांस्यविजेते. आपल्याकडेही 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांच्या कार्यकारिणीत नामवंत खेळाडूंना जागा ठेवल्या आहेत.

एक मात्र लक्षात घ्या, डोंग्याचा सराव इथे अर्धाच कामी येतो. रोइंगमध्ये पाठ पुढच्या दिशेला असते, बसायची पाटी रुळावर मागेपुढे सरकते आणि 2000 मीटर ओढतात ते मुख्यतः पाय. पाण्याची भीती नाही, ही मात्र मोठीच जमेची बाजू. चांदवडकडच्या दुष्काळी गावातला दत्तू भोकनळ तर वल्हं मारायला शिकला तोच सैन्यात गेल्यावर! रिओत तो 13वा आला, 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्ण. म्हणून भाच्याला आधी सैन्यभरतीची तयारी करू द्या. महासंघातली पदं निवडणुकीची असतात, त्यावर घर चालत नाही. पोटापाण्यासाठी राज्य सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण बघा.