इलेक्ट्रॉन मोजून पोट भरेल का?

एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहेत. मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला, विषय भौतिकशास्त्र. उन्हाळ्यात एका प्रयोगशाळेत सहा आठवडे राहून आली आणि आता म्हणते, कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन रेणूंवर आदळून कसे विखुरतात ते मला मोजायचंय. वडील विचारतात, "हे करून पोट भरेल का? बी.एड. करून शिक्षिका झाली तर काय वाईट?"

नमस्कार.

बी.एड.मध्ये वाईट काहीच नाही. पण लेक जे म्हणते आहे ते तुमच्या कामापासून फार लांब नाही. एसएफ-सिक्स ब्रेकर, म्हणजे सल्फर हेक्साफ्लोराइड वायू भरलेला, वीजप्रवाह तोडणारा मोठा स्विच, तुम्हाला मी सांगायला नको. ब्रेकर उघडताना पेटलेला आर्क, म्हणजे विजेचा झोत, तो वायू विझवतो, त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे त्याचा रेणू संथ इलेक्ट्रॉन झटकन पकडतो. जवळजवळ थांबलेला इलेक्ट्रॉन तर सगळ्यात सहज. हे आकडे अशाच मोजमापातून आले. आता अडचण अशी की हा वायू गळला तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा वीस हजार पटींहून जास्त तापमानवाढ करतो. म्हणून पर्यायी वायूंचा शोध चालू आहे, आणि नवा रेणू किती ऊर्जेचे इलेक्ट्रॉन किती पकडतो हे कुणाला तरी मोजावंच लागतं.

हे मोजणं किचकट आहे. तापलेल्या तारेतून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा सारखी नसते, साधारण अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टचा (हे इतकी लहान ऊर्जा मोजायचं एकक) फरक असतो. एकात एक बसवलेल्या दोन अर्धगोलांच्या फटीतून वळवून त्यांना चाळलं की तो फरक ०.०१पर्यंत खाली येतो, पण हाती उरतो अगदी क्षीण प्रवाह. इतक्या संथ इलेक्ट्रॉनांना पृथ्वीचं चुंबकत्वसुद्धा वाकवतं, त्यामुळे त्याचा परिणाम मारायला भोवती वीज वाहणाऱ्या तारेची वेटोळी बसवतात. हे सगळं ज्यात चालतं त्या निर्वात कक्षाला कुठे बारीकशी गळती असली तर ती सापडेपर्यंत सगळं काम अडून राहतं. एवढा खटाटोप कशासाठी? नायट्रोजनचं बघा. ऊर्जा २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आली की इलेक्ट्रॉन क्षणभर रेणूत अडकतो आणि सुटताना त्याला थरथरत सोडतो. कार्बन डायऑक्साइड लेसर याच थरथरत्या नायट्रोजनच्या जोरावर चालतो. २००० साली कॅनडातल्या शेरब्रूक विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की ३ ते २० इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन डीएनएचे धागे तोडतात. किरणोपचारात शरीरात असे संथ इलेक्ट्रॉन भरपूर तयार होतात, त्यामुळे कॅन्सरवर काम करणारेही या आकड्यांकडे लक्ष ठेवून असतात. मला स्वतःला हा सगळा विषय फार मोलाचा वाटतो.

आता पोटाचं. एम.एस्सी.ची दोन वर्षं घरून खर्च करावा लागेल. त्यासाठी आयआयटीची जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा द्यावी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) याच विषयावर अनेक वर्षं काम झालं आहे. तिथली प्रवेश परीक्षा बी.एस्सी.नंतरही देता येते, ती तिने चुकवू नये. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेतही असा गट आहे. पीएच.डी.ला फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, वर घरभाडं. त्यात पाच-सहा वर्षं जातात. त्यानंतर नेमक्या याच विषयाच्या जागा थोड्या, हे मी लपवणार नाही. पण निर्वात यंत्रणा आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक्स स्वतःच्या हातांनी उभं केलेलं माणूस मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) किंवा चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कामातही लागतं. बी.एड.चं दार नंतरही उघडंच राहतं.

खरी कसोटी स्वभावाची आहे. तिला निकाल विचारू नका. त्या सहा आठवड्यांत यंत्र बंद पडलं तेव्हा तिने काय केलं, ते विचारा. पंप उघडला, गॅस्केट बदललं, रात्री उशिरापर्यंत थांबली, असं ती रंगून सांगायला लागली तर जॅमचा अर्ज भरू द्या. नुसता कंटाळा सांगितला तर बी.एड.चा विचार दोघांनी बसून करा. आणि एखाद्या रविवारी परवानगी काढून तिला यार्डात न्या, ब्रेकरवरचा गॅसच्या दाबाचा काटा दाखवा. आत काय चाललेलं असतं, ते तिलाच तुम्हाला समजावू द्या.