जुना टर्बो, दुसऱ्याचे अलॉय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी 2014ची स्विफ्ट डिझेल आहे, 75 पीएस ताकदीची. अपघातातल्या अर्टिगाचा व्हीजीटी टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) स्वस्तात मिळतोय. विकणारा म्हणतो, "बिनधास्त टाक भो, पिकअप बघत राहशील." घेऊ का? (वाचक, अमळनेर)

उत्तर : नका घेऊ. दोन्ही गाड्यांना फियाटचंच 1.3 लिटरचं इंजिन आहे, म्हणून हा सल्ला गॅरेजोगॅरेजी फिरतो. पण तुमच्या टर्बोत एक्झॉस्टची वाट कमी-जास्त करणाऱ्या हलत्या पात्या नाहीत आणि अर्टिगाच्या 90 पीएसवाल्यात, म्हणजे व्हीजीटीत, त्या आहेत. व्हॅक्युमवरचा अ‍ॅक्च्युएटर त्या उघडमीट करतो आणि त्याला हुकूम देतो ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. तुमच्या ईसीयूत हा हुकूमच नाही. पात्या उघड्या राहिल्या तर गाडी आत्तापेक्षा मठ्ठ होईल. मिटलेल्या अडकल्या तर टर्बो बेफाम फिरून फुटेल. ईसीयू, वायरिंग, व्हॅक्युमची जोडणी सगळंच आणायचं म्हटलं तर स्वस्तपणा संपला. शिवाय कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52मध्ये अडकतो, ते वेगळंच.

तुमचाच टर्बो गेला असेल, तर 75 पीएसच्या स्विफ्टचाच जुना शोधा. मारुतीने एप्रिल 2020पासून डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे असा माल बाजारात भरपूर फिरतो. प्लेटवरचा नंबर तुमच्या टर्बोशी जुळवा. मग शाफ्ट (टर्बोचा मधला दांडा) बोटांनी धरून आत-बाहेर ओढून बघा. त्या दिशेने हाताला प्ले (ढिलाई) जाणवला, तर तिथेच सौदा सोडा. आडवा किंचित हलला तर घाबरू नका. बेअरिंग तेलावर तरंगतं, कोरडं असताना एवढी ढिलाई असतेच. मात्र बाजूला दाबून फिरवताना पातं टर्बोच्या कवचाला घासता कामा नये. टॉर्च लावून हवेकडच्या पात्यांच्या कडा बघा. आपल्याकडच्या मातीच्या रस्त्यांवर फाटक्या एअर फिल्टरने गाडी पळवली, की धूळ या कडा खाते. एक्झॉस्टच्या बाजूला ओलं काळं तेल दिसलं, तर सील गेलेलं समजा.

बसवण्याआधी पहिला टर्बो का गेला ते शोधा, नाहीतर दुसराही त्याच वाटेने जाईल. बहुतेक वेळा तेलाच्या बारीक पाइपात काजळी जमलेली असते. तो पाइप धुण्यापेक्षा नवाच घ्या. इंटरकूलर आणि होजमधलं साचलेलं तेल, धातूचे तुकडे काढा. राहिले तर इंजिनात जातात. ऑइल, फिल्टर, गॅस्केट, तांब्याचे वॉशर नवे. आणि मिस्त्रीला तेलाच्या जोडावर सिलिकॉन लावू देऊ नका. त्याचा सुटलेला कण आत जाऊन तेलाची वाट बंद करतो. तेलाच्या भोकात स्वच्छ ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवा, इंजेक्टरचे सॉकेट काढून दहा सेकंद सेल्फ मारा, मगच गाडी चालू करा. दोन-तीन मिनिटं रेस देऊ नका.

प्रश्न : होंडा सिटीचे कंपनीचे अलॉय रिम स्विफ्टला बसतील का? दोन्हीकडे 4 गुणिले 100 आहे, म्हणजे 100 मिलिमीटरच्या वर्तुळावर चार नट. (वाचिका, धुळे)

उत्तर : बसतील, पण दोन अडचणी सोडवून. सिटीच्या रिमचं मधलं भोक 56.1 मिलिमीटर, स्विफ्टचा हब (ज्यावर रिम बसतं तो मधला भाग) 54.1. मधली फट हब रिंगने भरा, नाहीतर रिम मध्यावर बसत नाही आणि वेगात स्टिअरिंग थरथरतं. दुसरी अडचण नटाची. होंडाच्या मूळ रिममधली नटाची बैठक गोल असते, मारुतीचा नट शंकूसारखा. तो गोल बैठकीत नुसत्या कडेवर टेकतो आणि ढिला होतो. होंडाचे नट वापरावेत, तर त्यांचे आटे 1.5चे, तुमच्या स्टडचे 1.25चे. म्हणजे गोल बैठकीचे, 12 गुणिले 1.25 आट्यांचे नट मागा. रिममागचा ईटी आकडाही (रिम किती आत-बाहेर बसतं ते सांगणारा) तुमच्याशी ताडून बघा. टायर उतरवूनच रिमची आतली बाजू तपासा, वेल्डिंग दिसलं तर घेऊ नका. टायरही सोबत असतील, तर बाजूचे शेवटचे चार आकडे वाचा : 2319 म्हणजे 2019च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर.

प्रश्न : माझा कॉइलओव्हरचा (उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअप्सचा) सेट विकायचा आहे. गिऱ्हाईक पुण्याचं आहे, ट्रॅव्हल्सने पाठव म्हणतं. (वाचक, शहादा)

उत्तर : धुवा, पण रंग मारू नका, ताजा रंग दिसला की गिऱ्हाईक त्याखाली वेल्डिंग शोधतं. पार्ट नंबर, रॉड आणि बुशचे जवळून फोटो द्या. रॉडवर खड्डे असतील किंवा तेल गळत असेल तर आधीच सांगा, नाहीतर माल परत येऊन भाडं तुमच्याच अंगावर पडेल. उंची धरून ठेवणारी लॉक रिंग गंजली असेल तर आदल्या रात्री गंजाचं तेल सोडा आणि ती फिरते असा व्हिडिओ काढा. आट्यांवर जाड कापड गुंडाळा, कारण एक आटा चेपला तरी रिंग पुढे सरकत नाही. प्रत्येक नगावर आडोशाला मार्करची खूण करा, म्हणजे कुणी दुसराच नग परत पाठवला तर कळेल. पूर्ण पैसे जमा झाल्यावरच पार्सल सोडा. पावतीवर कोणत्या गाडीतून काढला ते लिहा आणि आरसीची प्रत जोडा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 317खाली गुन्हा आहे, त्यामुळे जाणतं गिऱ्हाईक हा कागद मागतंच.