‘पदच्युत राजघराण्यातील युवराज’ ही शब्दयोजना बरोबर आहे का?

एका लेखात ‘पदच्युत राजघराण्यातील युवराज ऑटो फॉन हॅब्सबर्ग यांनी १९३५ साली डॉक्टरेट मिळवली’ असे वाक्य आले असून त्यातील ‘युवराज’ आणि ‘पदच्युत’ हे शब्द योग्य आहेत का, अशी विचारणा झाली आहे. माझ्या मते दोन्ही बदलावेत.

‘युवराज’ हे नाते नसून पद आहे. राजाला मुले कितीही असोत, युवराज एकच असतो, आणि ते पद त्याला राज्यव्यवस्था देते. शिवाजी महाराजांच्या १६७४ मधील राज्याभिषेकप्रसंगी संभाजीराजांना युवराजपद मिळाले, असे आपण म्हणतो ते याच अर्थाने. ‘राजपुत्र’ मात्र केवळ जन्माचे नाते सांगतो आणि ते कोणत्याही कायद्याने रद्द होत नाही.

ऑटो यांचा जन्म १९१२ चा. नोव्हेंबर १९१६ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचे हॅब्सबर्ग सम्राट फ्रान्झ योझेफ वारले, वडील कार्ल गादीवर आले आणि चार वर्षांचे ऑटो युवराज झाले. त्याच डिसेंबरात बुडापेस्टला झालेल्या राज्याभिषेकाच्या प्रसिद्ध छायाचित्रात आईवडिलांच्या मध्ये, समारंभाच्या भरजरी पोशाखात ते दिसतात. त्या छायाचित्राखाली ‘युवराज’ लिहिणे अगदी योग्य आहे. पण नोव्हेंबर १९१८ मध्ये साम्राज्य कोसळले आणि १ एप्रिल १९२२ रोजी मदैरा बेटावर कार्ल यांचे निधन झाले. त्यानंतर ऑस्ट्रियाच्या नव्या प्रजासत्ताकाच्या लेखी ऑटो यांना कोणतेच पद नव्हते, तर राजनिष्ठांच्या लेखी ते वारस न राहता स्वतःच राजे झाले होते. म्हणजे १९३५ साली त्यांना ‘युवराज’ म्हणणे कोणत्याही बाजूने टिकत नाही.

त्यांच्या शिक्षणातच हा पेच स्पष्ट दिसतो. माता झिटा यांनी स्पेनमधील लेकैतियो या किनाऱ्यावरच्या गावी राहूनही मुलाला ऑस्ट्रिया आणि हंगेरी या दोन्ही देशांचे अभ्यासक्रम शिकवले, त्यासाठी हंगेरीतील बेनेडिक्टाइन धर्मगुरू नेमले. उद्या गादी मिळालीच तर प्रजेची भाषा परकी वाटू नये, ही त्यामागची दृष्टी होती. पुढे बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठात त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय ऑस्ट्रियातील शेतकरी कुटुंबांच्या वारसाहक्काच्या रूढी आणि जमिनीची अविभाज्यता हा होता. ज्याचा स्वतःचा वारसा कायद्याने काढून घेतला होता, त्याने शेतकऱ्यांच्या वारशाचा अभ्यास करावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

आता ‘पदच्युत’. पदापासून च्युत झालेला, असा हा पंचमी तत्पुरुष आहे. त्यामुळे तो पदावरील व्यक्तीलाच लागतो, घराण्याला नव्हे. साताऱ्याचे उदाहरण पाहावे. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले, पण त्यांचे बंधू शहाजी गादीवर आले आणि घराणे सत्तेवर राहिले. १८४८ मध्ये शहाजी वारल्यावर राज्य खालसा झाले. राजा पदच्युत होतो आणि राज्य खालसा होते, हा भेद आपल्या भाषेने नीट सांभाळलेला आहे. घराण्यासाठी ‘सत्ताभ्रष्ट’ किंवा सरळ ‘सत्ता गेलेले’ म्हणावे. १९१९ च्या कायद्याने हक्क न सोडणाऱ्या हॅब्सबर्गांना ऑस्ट्रियाबाहेर काढले, म्हणून ‘हद्दपार’ हा शब्दही येथे चालेल.

तेव्हा मी वाक्य असे लिहीन: ‘ऑस्ट्रियातून हद्दपार झालेल्या हॅब्सबर्ग घराण्याचे प्रमुख आणि माजी युवराज ऑटो यांनी १९३५ साली लूव्हेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.’