पाण्याची बाटली हाताशी ठेव

पहिल्या ट्रेकला तीन लिटर पाणी नेणार म्हणतोस, ते बरोबरच. पण सगळं सॅकच्या पोटात कोंबू नकोस. दर घोटासाठी सॅक उतरवायची म्हटली की आपण कंटाळा करतो, तहान मारत चालतो आणि दुपारी पायात गोळे येतात.

बाजूच्या जाळीच्या कप्प्यावरही फार विसंबू नकोस. कळसूबाईच्या लोखंडी शिडीवर वाकलो आणि माझी बाटली निसटून थेट खाली गेली. नशीब, मागे कुणी नव्हतं.

माझा जुगाड सांगतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद अशी दोन कडी काप. सॅकच्या डाव्या खांद्याच्या पट्ट्यात ती ओवून घे आणि अर्ध्या लिटरची बाटली त्यांत अडकव. एक कडं बाटलीच्या मानेला, दुसरं बुडाजवळ. ओढली की सुटते, चालताना हलत नाही. कॅरॅबिनरला (अडकवायच्या धातूच्या कडीला) लोंबणारी बाटली दिसते झकास, पण पावलागणिक आपटते आणि कातळटप्प्यावर नेमकी मधे येते.

बाकीचं पाणी सॅकमध्ये, पाठीला चिकटून. लिटरमागे किलोभर वजन. ते बाहेरच्या बाजूला गेलं की तोल मागे जातो. थांबशील तिथे छोटी बाटली भरून घे.

सॅकमध्ये ठेवून नळीने पाणी ओढायची पिशवी? सोयीची, पण किती उरलंय ते दिसत नाही. हरिश्चंद्रगडावर तारामती शिखराच्या चढावर माझी सुर्र करून संपली होती.

निघण्याआधी भरलेली सॅक घालून घरचा जिना चढ-उतर. बाटली न बघता हाताला लागली पाहिजे.