सागाला पानं फुटली आणि नेट गेलं

प्रश्न : आम्ही घणसोली गावठाणात राहतो. आमच्याकडे फायबर आहे, शेजारच्या 5-6 घरांना पासवर्ड देऊन महिन्याला थोडे थोडे पैसे घेतले तर चालेल का? आणि रात्री 9 नंतर वायफाय एकदम स्लो का होतं?

उत्तर : पैसे घेऊन पासवर्ड देऊ नका. घरगुती कनेक्शन परस्पर विकता येत नाही, आणि उद्या कुणी त्यावरून फसवाफसवी केली तर चौकशीला पोलीस तुमच्याच दारात येतील, कारण कनेक्शन तुमच्या नावावर आहे. सरळ मार्ग आहे तो म्हणजे पीएम-वाणी, ही सरकारची सार्वजनिक वायफायची योजना, त्याबद्दल खाली शहापूरच्या दादांना सविस्तर लिहिलंय तेच तुम्हालाही लागू. राहिलं स्लो होण्याचं, तर गावठाणात भिंतीला भिंत लागून घरं, प्रत्येक घरात एक राउटर, आणि वायफायच्या नेहमीच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनल तीनच, 1, 6 आणि 11. रात्री सगळेच घरी, सगळे एकदम बोलायला लागतात. तुमचा राउटर ड्युअल बँड, म्हणजे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा असेल तर मोबाईल 5 गिगाहर्ट्झवर जोडून बघा, बराच फरक पडेल.

प्रश्न : ताई, आमचा पाडा शहापूरपासून आत साधारण 3 किलोमीटरवर आहे. बाजारपेठेत फायबर आलंय पण कंपनीवाले म्हणतात 40 घरांसाठी एवढी केबल ओढणं परवडत नाही. पोरं ऑनलाइन फॉर्म भरायला टेकाडावर जाऊन बसतात, पावसात तर फारच हाल. सगळे वर्गणी काढायला तयार आहेत. गावाचं स्वतःचं वायफाय करता येतं का? परवानगी काय लागते?

उत्तर : दादा, करता येतं, आणि तुम्ही पहिलेही नाही. स्पेनमध्ये कॅटलोनियात 2004 साली खेडेगावातल्या लोकांनी असंच सुरू केलं, कंपन्या येत नव्हत्या म्हणून, त्याचं नाव गीफी.नेट, आज तिथे 30 हजारांच्या वर नोड, म्हणजे जाळ्याला जोडलेली ठिकाणं आहेत. लांब कशाला, आपल्या शेजारच्या पालघरमध्ये आयआयटी मुंबईच्या ग्राम मार्ग प्रकल्पाने बिनतारी नेट गावागावात नेलं, तेही ग्रामपंचायतीला सोबत घेऊन.

परवानगीचं म्हणाल तर 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या बऱ्याच लहरी 2018 पासून आपल्याकडे लायसन्सशिवाय वापरता येतात, फक्त डिश, म्हणजे नेट लांबवर फेकणारा अँटेना, घेताना तिला सरकारी ईटीए मंजुरी आहे ना ते दुकानदाराला विचारा. लोकांना वायफाय द्यायला डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे. त्यात तुम्ही पीडीओ व्हायचं, म्हणजे सार्वजनिक वायफायचं दुकानच म्हणा ना. त्याला दूरसंचार खात्याचं लायसन्स नाही, फी नाही. ओटीपीने लॉगिन, हिशोब, नोंदी हे सगळं पीडीओए नावाची वरची संस्था बघते, तिच्याशी जोडून घ्यायचं. फायबरवाल्याने अव्वाच्या सव्वा दर सांगितला तर ऐकून घेऊ नका, जून 2025 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ठरवून दिलंय की 200 एमबीपीएसपर्यंतचे घरगुती प्लॅन पीडीओला घरगुती दराच्या जास्तीत जास्त दुप्पट दरानेच द्यायचे.

आता खरं काम. बाजारपेठेतल्या एका उंच छतावर एक डिश, पाड्यावर दुसरी, दोघींना एकमेकी सरळ दिसल्या पाहिजेत. नुसतं दिसणंही पुरत नाही, 3 किलोमीटरच्या लिंकला मध्यावर त्या सरळ रेषेच्या चहूबाजूंनी साधारण 6 मीटर मोकळी जागा लागते. हे मी मुरबाडजवळच्या एका गावात ठेच खाऊन शिकले. आम्ही तिथल्या अभ्यासिकेसाठी मार्चमध्ये लिंक टाकली, समोरचं छत स्वच्छ दिसत होतं, स्पीड मस्त, पेढे वाटले. जुलैत नेट धाडधाड तुटायला लागलं. आम्ही आधी डिश बदलली, मग केबल, मग एकदा छत्री धरून छतावर उभी राहिले आणि समोर बघितलं तर सागाची अख्खी रांग! मार्चमध्ये नुसत्या काड्या होत्या, आता सुपाएवढी पानं आणि प्रत्येक पानावरून पाणी गळतंय. पावसाच्या थेंबांचं या लहरींना फारसं काही वाटत नाही, पण ओली पानं त्यांना पार गिळून टाकतात. शेवटी डिशचा पाइप 10 फूट वाढवला तेव्हा कुठे लिंक टिकली. तुमच्याकडेही साग भरपूर आहे म्हणून एवढं सांगतेय.

डिशपासून खाली येणारी लॅन केबल 100 मीटरच्या आत ठेवा, आणि पाइपला अर्थिंग कराच, वळवाच्या विजा कशा पडतात ते तुम्हाला मी सांगायला नको. लाइट गेली तरी नेट चालू राहावं म्हणून दोन्ही टोकांना छोटी बॅटरी लावा, एका डिशला साधारण 10 वॅटच्या आत वीज लागते.

पण दादा, मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पैशाची आणि माणसाची. त्याच अभ्यासिकेत 400 रुपयांचा अॅडॉप्टर जळला आणि नेट 11 दिवस बंद राहिलं, परीक्षेच्या तोंडावर, कारण पैसे कुणी काढायचे आणि छतावर कुणी चढायचं हेच ठरलेलं नव्हतं. सुरुवातीची वर्गणी सगळे उत्साहाने देतात हो, आठव्या महिन्यातली कोण देणार ते आत्ताच बसून ठरवा. पाड्यात महिलांचा बचत गट असेल तर पैसे त्यांच्याकडे ठेवा, महिन्याच्या महिन्याला हिशोब लिहायची त्यांना सवय असते. त्यातला थोडा भाग दुरुस्तीसाठी बाजूला काढा, त्याला हात लावायचा नाही. आणि दोन पोरांना केबलला कनेक्टर क्रिंप करायला, म्हणजे दाबून बसवायला शिकवा, एकालाच नको, एकटा शिकलेला पोरगा नोकरीला कल्याणला गेला की सगळं ठप्प.

अजून काही विकत घेऊ नका. आधी ऑगस्टमध्ये, झाडं भरलेली असताना, पाड्यातल्या सगळ्यात उंच छतावरून बाजारपेठेच्या दिशेने फोटो काढा आणि मला पाठवा. तो बघून पाइप किती फुटी लागेल ते सांगते.