वरच्या कवळीलाही दोनच इम्प्लांट पुरतील का?

खालच्या कवळीसाठी आपल्या आईंना 2 इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेली कृत्रिम दंतमुळे) पुरले असले, तरी वरच्या काढता-घालता येणाऱ्या कवळीसाठी किमान 4 धरूनच नियोजन करावे. वरच्या जबड्याचे हाड तुलनेने मऊ असते आणि दाढांच्या जागी सायनसची पोकळी खाली उतरल्याने हाडाची उंची अनेकदा अपुरी पडते. 2002 च्या मॅकगिल मतैक्यातील (कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांच्या निवेदनातील) 2 इम्प्लांटची शिफारसही खालच्या जबड्यापुरतीच होती. नाशिकमध्ये कृत्रिम दंतोपचार करताना मला सर्वाधिक दुर्लक्षित दिसतो तो कामाचा क्रम: आधी नव्या दातांची मांडणी तोंडात बसवून ओठांचा आधार, हसताना दिसणारी हिरडी आणि कवळीखाली उरणारी जागा तपासावी, त्याच मांडणीवरून सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) करावा, आणि मगच इम्प्लांटच्या जागा ठरवाव्यात. चारही इम्प्लांट नीट विखुरलेले असतील, तर टाळू बहुधा मोकळा ठेवता येतो. जेवणाच्या चवीच्या दृष्टीने ही सोय लहान नाही. मात्र मधुमेह आटोक्यात नसेल, मिश्री-तंबाखूची सवय असेल किंवा हाडांच्या ठिसूळपणावर औषधे चालू असतील, तर शस्त्रक्रियेपूर्वी संबंधित डॉक्टरांचे मत घेणे आवश्यक आहे.