आईचा खांदा जखडलाय. फिजिओथेरपीने खरंच फरक पडतो की नुसते पैसे जातात?

पडतो. पण तुम्ही लिहिलंय, "आईला रोज मशीन लावतात, हात मात्र आहे तिथेच आहे." तिथेच तर सगळं अडलंय. मशीन लावणं म्हणजे फिजिओथेरपी नव्हे. आमच्या घरी यावरून मोठा वाद झाला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या आईला डायबेटिस आहे. साठीच्या आसपास तिचा उजवा खांदा धरला. आधी त्या कुशीवर झोपता येईना, मग पदर मागून घेता येईना, मग ब्लाउजच्या बाहीत हात घालायला मी लागायला लागले. आई स्वतःहून काही मागणारी बाई नाही. एक दिवस म्हणाली, "केस कापूनच टाकते, विंचरायची कटकट नको." तेव्हा तिचं दुखणं किती आहे ते मला कळलं.

आमचे मामा म्हणाले, वयानुसार हे चालायचंच, आणि फारच असेल तर हाड बसवणाऱ्याकडे ने, एका झटक्यात हात मोकळा करतो. मामांचा शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. मी मोडला. जखडलेल्या खांद्यात, म्हणजे फ्रोझन शोल्डरमध्ये, हाड सरकलेलंच नसतं, मग बसवायचं काय? सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आवळलेलं असतं. साठीच्या बाईची हाडं आधीच ठिसूळ, त्यात जोराचा झटका दिला तर दंडाचं हाड मोडू शकतं. हॉस्पिटलमध्ये भूल देऊन काही निवडक पेशंटचा हात असा मोकळा करतात, पण ते काम ऑर्थोपेडिक सर्जनचं.

पहिल्या क्लिनिकने आमच्याकडून सगळ्या सिटिंगचे पैसे आधीच घेतले. पट्ट्या चिकटवायच्या, मशीन सुरू करायचं, शेक द्यायचा आणि घरी पाठवायचं. आईचा हात कुणी एकदाही उचलून पाहिला नाही. शेकाने तासभर बरं वाटायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. मामांना आयतंच सापडलं.

मग ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी दुसऱ्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे पाठवलं. तिने आईला बसवलं, कोपर कमरेला टेकवायला लावलं आणि पंजा बाहेरच्या बाजूला वळवायला सांगितला. डावा छान वळला, उजवा जागचा हलेना. मग तिने स्वतः हळूच वळवून पाहिला, तरी नाही. ही या दुखण्याची मोठी खूण. स्नायूची दोरी तुटलेली असेल तर पेशंटला स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला की बराच वर जातो. इथे दुसऱ्यानेही जात नाही, आणि एक्स-रे बहुतेक वेळा नॉर्मल येतो.

तिने आईच्या कोपराखाली, कोपर आणि बरगडीच्या मध्ये, नॅपकिनची गुंडाळी ठेवली, दोन्ही हातांत आडवी काठी दिली आणि चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला बाहेर ढकलायला लावलं. नॅपकिन पडला की समजायचं, कोपर सुटलं, व्यायाम चुकला. भिंतीवर बोटं चढवताना ती आईच्या खांद्यावर तळवा ठेवून उभी राहायची. "काकू, खांदा कानाकडे नको. हात कमी गेला तरी चालेल." आई हात वर न्यायच्या नादात अख्खा खांदाच उचलायची, आणि तिला वाटायचं, आज जास्त गेला.

म्हणून "हे सगळं यूट्यूबवर फुकट आहे" असं मामा म्हणाले तेव्हा मी ऐकून घेतलं नाही. व्हिडिओतल्या माणसाला माझ्या आईचा खांदा दिसत नाही. बारावीनंतर चार वर्षं शिकून आणि वर इंटर्नशिप करून ही मुलं येतात. आणि हे काही कालचं फॅड नाही. मुंबईत केईएम हॉस्पिटलला १९५०च्या दशकातच याचं शिक्षण सुरू झालं, तेव्हा पोलिओची मुलं समोर होती. राज्यात फिजिओथेरपिस्टच्या नोंदणीसाठी परिषद आहे. नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका.

किती दिवस लागतील? दिवस नाही, महिने धरा. हे दुखणं पूर्ण सैल पडायला एक ते तीन वर्षं घेतं, डायबेटिसवाल्यांना जास्त. सुरुवातीच्या ठणक्याच्या काळात हात जोरात ताणायचा नसतो, त्याने दुखणं भडकतं. तेव्हा पुढे वाकून हात लोंबता सोडून हलके झोके द्यायचे. ठणका ओसरला की मग ताण वाढवायचा.

वडिलांच्या गुडघ्याचंही विचारलंय, तर झिजलेल्या गुडघ्याला मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद लागते. खुर्चीवरून हात न टेकता उठबस करणं हा साधा, चांगला व्यायाम आहे. नुसता पट्टा बांधून ताकद येत नाही. साध्या कंबरदुखीलाही आठवडाभर पडून राहण्यापेक्षा झेपेल तेवढं चालणं बरं.

एक राहिलंच. दुखण्याबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, पडल्यानंतर सुरू झालं असेल, किंवा कंबरदुखीत लघवीवरचा ताबा जात असेल वा जांघेत बधिरपणा असेल, तर फिजिओकडे नाही, आधी डॉक्टरकडे. खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर घाबरू नका, ठणक्याच्या काळात उपयोग होतो. फक्त डायबेटिस असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, तपासत राहा.

मामा अजूनही म्हणतात, "आपोआपच सुटला असता." पुष्कळ जणांचा काळाने सुटतो, हे मी नाकारत नाही. काहींचा थोडा आखडलेला राहतो, तेही खरं. पण तोवर वर्ष-दोन वर्षं बाईने वेणीसाठी कुणाची वाट बघायची, हे मामांनी कधी सांगितलं नाही. दुखतंय ते तिला, आणि "चालायचंच" म्हणणारा दुसराच. आई आता स्वतः अंबाडा घालते. हात पाठीमागे पूर्ण जात नाही, तरी पदर घेता येतो.

तुम्ही उद्या क्लिनिकमध्ये एवढंच विचारा: आईचा हात बाहेर किती वळतो ते मोजलंय का, आणि घरी कोणता व्यायाम करायचा? उत्तराऐवजी "आणखी दहा सिटिंग घ्या" असं ऐकू आलं, तर जागा बदला.